प्रायश्चित्तकाळात रोज एका संतावर चिंतन: मांडणी कशी करावी?

ओसरी

नमस्कार. आमच्या धर्मग्रामात २०२७च्या प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) रोज एक चिंतन ध्वनिफीत करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं ठरलं आहे. राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे आणि पुनरुत्थानाचा रविवार २८ मार्चला. प्रत्येक चिंतनात एक संत असावा, ही फादरांची सूचना. लिहिणारे आम्ही चौघे. ऐकणारे बहुतेक जण स्वयंपाक करताना नाहीतर लोकलमध्ये ऐकतील.

पहिले पाच-सहा नमुने आले, ते सगळे एका साच्यातले आहेत. जन्म, आईवडील, मठप्रवेश, चमत्कार, मरण, संतपद आणि शेवटी 'आपणही त्यांच्यासारखे होऊ या'. ऐकून झाल्यावर हाती काही लागत नाही. संत दिनदर्शिकेप्रमाणे घ्यायचे की त्या दिवसाच्या शुभवर्तमानाप्रमाणे? लांबी किती ठेवावी? आणि वसई-गोव्याकडचे, आपल्या देशातले संत कुठे बसवता येतील?

सांजघंटा

आधी शुभवर्तमान, मग संत. हा क्रम चर्चनेच घालून दिलेला आहे. प्रायश्चित्तकाळात संतांचे नेहमीचे स्मरणदिन ऐच्छिक होतात. त्या दिवशी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनाविधीत) संताची फक्त प्रारंभीची प्रार्थना घेता येते. वाचनं त्या वाराचीच राहतात आणि धर्मगुरूंचा झगाही जांभळाच. म्हणजे या चाळीस दिवसांत संत स्वतःहून बाजूला सरकून उभा असतो. तुमच्या नमुन्यांत तो मधोमध येऊन बसला आहे आणि येशू शेवटच्या ओळीत आला आहे. साचा झाला तो त्यामुळे.

या काळातल्या वारांची शुभवर्तमानं दरवर्षी तीच असतात, बदलतात ती फक्त रविवारची. त्यामुळे आजच बसून तक्ता करता येईल. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात शुभवर्तमान, तिसरा रिकामा ठेवा. त्या उताऱ्यातलं जे वाक्य कोणीतरी प्रत्यक्ष जगून दाखवलं असेल, त्या माणसाचं नाव तिसऱ्या रकान्यात लिहा. सण जवळ असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

२०२७मध्ये तारखांचे काही पेच आहेत, ते आत्ताच वहीत मांडून ठेवा. २२ फेब्रुवारीचा संत पेत्राच्या धर्मासनाचा सण सोमवारी येतो आणि त्याला स्वतःचं शुभवर्तमान आहे, तिथे वाराचं घेऊ नका. ७ मार्च म्हणजे पर्पेतुआ आणि फेलिसिता या रक्तसाक्षी स्त्रियांचा दिवस, पण तो चौथा रविवार आहे, म्हणून त्यांचं स्मरण होणार नाही. २५ मार्चला आज्ञा गुरुवार (पवित्र सप्ताहातला गुरुवार) येतो. त्यामुळे मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाचा सोहळा पुढे ढकलला जाऊन सोमवारी, ५ एप्रिलला होईल. २५ तारखेला सवयीने 'आज देवदूत मरियेकडे आला' असं कोणी लिहून बसू नये.

लांबीचं म्हणाल तर ३०० शब्द. संथ वाचलं तर तीन मिनिटांच्या आसपास होतात. त्यात शुभवर्तमानातली एक-दोन वाक्यं, संताच्या आयुष्यातला एकच प्रसंग आणि आज करायची एकच गोष्ट. संताचं संपूर्ण आयुष्य सांगायला गेलात की सगळे शब्द सनावळीत जातात.

प्रसंग शक्यतो असा निवडा की त्यात हाताला लागेल अशी वस्तू असेल. पर्पेतुआचंच घ्या. साल २०३, शहर कार्थेज. बावीसेक वर्षांची बाई, अंगावर पिणारं मूल, आणि वडील तुरुंगात येऊन विनवताहेत की नाकार एकदा तो ख्रिस्त. तिथे पाण्याचं एक भांडं पडलेलं असतं. ती वडिलांना विचारते, याला याच्या नावाखेरीज दुसरं काही म्हणता येईल का? नाही, म्हणतात ते. मग मीही जी आहे तिच्याखेरीज दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही, ख्रिस्ती आहे मी. हे तिने स्वतः लिहून ठेवलं आहे. हा प्रसंग ११ फेब्रुवारीला घ्या. त्या दिवशीचं शुभवर्तमान 'स्वतःचा क्रूस रोज उचलून माझ्यामागे या' हे आहे (लूक ९:२२-२५). तुरुंग, रानटी जनावरं, मैदान यांतलं काही सांगायची गरज नाही. भांडं पुरतं. ऐकणारी बाई त्या वेळी कदाचित भांडीच विसळत असेल.

जुनावाचक

सांजघंटा यांच्या तक्त्यात आपली माणसं आपोआप बसतात. बघा.

१५ फेब्रुवारी, पहिल्या सप्ताहाचा सोमवार, मत्तय २५: 'मी आजारी होतो, तुम्ही माझा समाचार घेतला.' इथे संत जोसेफ वाझ. जन्म बाणावलीचा, १६५१चा. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातलेली असताना १६८७मध्ये ते वेष पालटून श्रीलंकेत गेले. प्रसंग मात्र प्रवासाचा घेऊ नका, १६९७च्या कँडीतल्या देवीच्या साथीचा घ्या. लोक आजाऱ्यांना टाकून पळत होते, तेव्हा ते त्यांच्या उशाशी बसून होते.

२४ फेब्रुवारी, दुसऱ्या सप्ताहाचा बुधवार, मत्तय २०:१७-२८. इथे वसईचे संत गोन्सालो गार्सिया. त्यांचं स्मरण ६ फेब्रुवारीला, म्हणजे यंदा प्रायश्चित्तकाळाच्या आधीच येऊन जातं, म्हणून लोक त्यांना या काळात विसरतात. नमुना देतो:

'जब्दीच्या मुलांच्या आईने येशूकडे जागा मागितली, एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे. येशूने विचारलं, मी पिणार तो प्याला तुम्हांला पिता येईल का? येईल, असं ते चटकन म्हणाले. वसईच्या गोन्सालोनेही जागा मागितली होती. येशूसंघात (जेज्वीट संघात) घ्या, अशी त्याची विनंती होती, ती मान्य झाली नाही. तो व्यापारात पडला, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि १५९३मध्ये जपानला गेला तो दुभाषा म्हणून. दुभाष्याला स्वतःचे शब्द नसतात. दुसऱ्याचं नीट ऐकायचं आणि जसंच्या तसं पोहोचवायचं. ३ जानेवारी १५९७ला क्योतोत त्याच्या डाव्या कानाचा तुकडा कापला. ऐन थंडीत महिनाभर वाट तुडवत नागासाकीला नेलं आणि ५ फेब्रुवारीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर दिलं. आज एका माणसाचं बोलणं मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकू या. आणि ते दुसऱ्याला सांगताना त्यात आपलं मीठमसाला घालायचं नाही.'

जन्मसाल, १८६२चं संतपद, पहिले भारतीय संत हे सगळं मुद्दाम वगळलं आहे. ते वसईत पोराटोरांनाही ठाऊक असतं.

दुसऱ्याच दिवशी, २५ फेब्रुवारीला, श्रीमंत माणूस आणि लाझरस (लूक १६:१९-३१). हीच तारीख धन्य सिस्टर राणी मरियांच्या रक्तसाक्ष्याची, १९९५ची. त्यांनी मध्य प्रदेशात उदयनगर भागात शेतमजुरांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायचं काम केलं, त्यावरून बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. दाराशी पडलेला लाझरस त्यांना दिसला होता, हा त्या दिवसाचा धागा. खुनाचं वर्णन पहिल्या वाक्यात आणलंत तर पुढचं काही कानात शिरत नाही. आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, ती गोष्ट त्याच दिवशी खर्च करू नका. ती २ मार्चसाठी राखून ठेवा, त्या दिवशी 'सत्तर वेळा सात' क्षमा करण्याचा उतारा आहे. एक लक्षात ठेवा, त्या 'धन्य' आहेत (संतपदाआधीची पायरी), अजून 'संत' नाहीत. २०१७मध्ये इंदूरला त्यांना धन्य घोषित केलं. ध्वनिफितीत चूक झाली की ती दुरुस्त होत नाही, पुढे फिरत राहते.

४ ते १२ मार्च संत फ्रान्सिस झेवियरचा कृपेचा नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) येतो, कारण त्यांना संतपद १२ मार्च १६२२ला मिळालं. नऊही दिवस झेवियर घेतलेत तर चिंतन आणि नोव्हेना दोन्ही पातळ होतील. एकच दिवस घ्या. जानेवारी १५४४मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की बाप्तिस्मा देऊन देऊन हात भरून येतो. हे एवढं एका चिंतनाला पुरून उरतं.

ओसरी

फार उपयोग झाला, तक्ता करायला घेतलाच आहे. आणखी दोन शंका. आमच्याकडे संतांची वचनं म्हणून बरीच वाक्यं फिरतात, ती वापरावीत का? आणि १९ मार्चला संत जोसेफचा सोहळा शुक्रवारी येतो आहे. त्या दिवशी मांस वर्ज्य की नाही, हे लोक नक्की विचारणार.

मेणबत्ती

वचनांबाबत कडक राहा. वाक्याबरोबर संताच्या कोणत्या ग्रंथातलं, कोणत्या प्रवचनातलं हे लिहिलेलं नसेल तर ते टाकून द्या.

प्रायश्चित्तकाळात हमखास चुकणारी तीन. 'हे प्रभो, मला तुझ्या शांतीचं साधन बनव' ही प्रार्थना सुंदर आहे, जरूर म्हणा, पण ती असिसीच्या संत फ्रान्सिसची नाही. १९१२मध्ये पॅरिसच्या एका मासिकात ती निनावी छापली गेली. 'सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा' हेही त्यांच्या लिखाणात सापडत नाही. तिसरं सगळ्यांत नाजूक: संत ब्रिजिताच्या पंधरा प्रार्थना. वर्षभर रोज म्हटल्या की पंधरा नातलगांचे आत्मे शुद्धिस्थानातून सुटतात, अशी हमी त्यांच्यासोबत फिरते. या हमींना दैवी आधार नाही, असा इशारा व्हॅटिकनने १९५४मध्येच दिला आहे. प्रार्थना म्हणायला हरकत नाही, पण हमीचा कागद पुढे पाठवू नका. भाबड्या माणसांच्या दुःखाचा असा हिशेब मांडलेला बघवत नाही.

क्रुसाच्या वाटेचंही (येशूच्या मरणवाटेच्या टप्प्यांवरच्या प्रार्थनेचंही) तसंच. येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका आणि येशूचं तीनदा पडणं हे परंपरेतून आलं आहे. चिंतनात जरूर घ्या, फक्त 'बायबलमध्ये सांगितलं आहे' असं म्हणू नका.

मूळ हवं असेल तर संत योहान क्रिझोस्तम यांच्यासारखं दुसरं नाही. ३८७चा प्रायश्चित्तकाळ, शहर अंत्युखिया. वाढीव कराच्या रागातून लोकांनी बादशहाचे पुतळे फोडले होते आणि आता शिक्षा काय होणार या धास्तीने गाव गपगार झालं होतं. त्या दिवसांत दिलेल्या प्रवचनांत ते म्हणतात की तोंडाने मासळी-पाखरं सोडलीत, पण भावाचे लचके तोडणं सोडलं नाहीत, तर हा उपास कसला? १२ फेब्रुवारीला उपासाबद्दलच्याच प्रश्नाचं शुभवर्तमान आहे (मत्तय ९:१४-१५), तिथे हे चपखल बसेल. त्या दिवशीची कृती अशी: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कुणाचीही उणीदुणी पुढे पाठवायची नाहीत.

सांजघंटा

१९ मार्चबद्दल. शुक्रवारी सोहळा आला तर त्या दिवशी मांसवर्ज्याचं बंधन राहत नाही, धर्मसंहितेच्या १२५१व्या कलमात तसं स्पष्ट आहे. संत जोसेफचा दिवस सोहळ्याच्या, म्हणजे सणांतल्या सर्वांत वरच्या, दर्जाचा आहे, त्यामुळे सूट लागू. कोणी स्वखुशीने पाळलं तर कोण अडवणार? पण 'पाळलं नाही तर पाप' असं चिंतनात येता कामा नये. उपवास मात्र बंधनकारक आहे तो राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), वय १८ पुरी ते ५९ पुरी. एक पोटभर जेवण, आणि दोनदा थोडकं, जे मिळूनही एका जेवणाइतकं होणार नाही. मांसवर्ज्य १४ पुरी झाल्यापासून.

जोसेफवर लिहिणाऱ्याला एकच सांगणं. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही, म्हणून लेखक त्याला संवाद देऊन मोकळे होतात. देऊ नका. 'झोपेतून उठून त्याने तसं केलं' एवढंच मत्तय सांगतो. उठला आणि केलं, यावरच तीन मिनिटं बोला.

पायवाट

तक्त्यात दोन जागा सुचवतो.

१४ मार्चला पाचवा रविवार आहे आणि यंदा ब वर्षाचं (रविवारची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या फेऱ्यात येतात) शुभवर्तमान म्हणून योहान १२, 'गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो.' आर्चबिशप संत ऑस्कर रोमेरो यांना २४ मार्च १९८०ला सान साल्वादोरमध्ये मिस्सा चालू असताना गोळी घातली, तेव्हा त्या मिस्सेत हाच उतारा वाचला होता. २४ मार्च यंदा पवित्र सप्ताहात जातो, म्हणून त्यांना इथेच घ्या. प्रवचन संपलं होतं, पुढे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करायचा होता, त्या क्षणाशी थांबा.

पवित्र सप्ताहात दिनदर्शिकेतला संत शोधूच नका. दुःखसहनाच्या कथेतलीच माणसं घ्या. सोमवारी २२ला बेथानीची मरिया, जटामांसीच्या तेलाचा घरभर दरवळ (योहान १२:१-११). मंगळवारी पेत्र, कोंबडा आरवायच्या आधीचा, 'तुझ्यासाठी जीव देईन' म्हणणारा. बुधवारी यहूदाचा सौदा आहे. तिथे संत नाही म्हणून घाबरू नका, 'प्रभू, तो मी आहे का?' हा बाकीच्या शिष्यांचा प्रश्न घ्या.

ध्वनिमुद्रणाचं थोडं. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरलेला, नाहीतर 'प', 'फ' फटफटतात. मागे संगीत नको, लोकलच्या गोंगाटात आधी शब्दच बुडतात. शुभवर्तमानातलं वाक्य वाचून झाल्यावर मनात पाच आकडे मोजा, मग संताचं नाव घ्या. आज करायची गोष्ट सगळ्यांत शेवटी आणि एकाच वाक्यात. त्यानंतर 'धन्यवाद, आपला दिवस शुभ जावो' जोडलंत की ती पुसली जाते.

उत्तम शुक्रवारी ध्वनिफीत न पाठवता क्रुसाच्या वाटेची वेळ तेवढी कळवा. पवित्र शनिवारी तर दिवसा मिस्साच नसते, वेदी उघडी, तबेर्नाकल (पवित्र भाकर ठेवायची पेटी) रिकामा. त्या दिवशी गटावर काहीही पाठवू नका, रात्रीच्या जागरणविधीची वेळ शुक्रवारीच देऊन ठेवा.