बोर्ग-मॅकेन्रो १९८० : टायब्रेकच्या पुढचं

१९८० ची विम्बल्डन टेनिस फायनल, बोर्ग विरुद्ध मॅकेन्रो, निघाली की "बोर्ग बेसलाइनवाला (कोर्टाच्या मागच्या रेषेवरून खेळणारा), मॅकेन्रो नेटवाला" असं म्हटलं जातं. ही विभागणी पॅरिसच्या मातीच्या कोर्टसाठी ठीक आहे, पण विम्बल्डनच्या गवतावर बोर्ग पहिल्या सर्व्हिसनंतर बऱ्याचदा सरळ नेटवर धावायचा. खरा फरक परतीच्या फटक्यात, म्हणजे बोर्ग टॉपस्पिनने (चेंडू पटकन खाली बुडवणारी पुढची फिरकी) चेंडू नेटवर येणाऱ्याच्या पायाशी बुडवणार आणि मॅकेन्रो तोच गुडघ्याखालून उचलून नुसत्या मनगटाने कोपऱ्यात ठेवणार.

आणि सगळे चौथ्या सेटच्या त्या १८-१६ च्या टायब्रेकवरच (६-६ बरोबरीनंतर सेट ठरवणारा गेम, तो मॅकेन्रोने घेतला) अडकलेत! अरे, त्याआधी ५-४, ४०-१५ वर बोर्गकडे दोन मॅच पॉइंट (एक जिंकला की मॅच खिशात) होते, मग टायब्रेकमध्ये आणखी पाच, सातही गेले. दुसरा कोणी असता तर तिथेच खचला असता (मी तर रॅकेटच आपटली असती). पाचव्या सेटची पहिलीच सर्व्हिस बोर्गची, त्यात लगेच ०-३०, म्हणजे आता संपलंच असं वाटावं, पण तो गेम त्याने काढला आणि नंतर अख्ख्या सेटमध्ये त्याची सर्व्हिस काही मॅकेन्रोला तोडता (म्हणजे त्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकता) आली नाही, शेवटी ८-६. माझ्या मते मॅच तिथे जिंकली, टायब्रेकमध्ये नाही. त्याच वर्षी यूएस ओपनच्या फायनलला मात्र मॅकेन्रोने पाच सेटमध्येच वचपा काढला.