मळभ आलेल्या दिवसांत तुम्ही काय केलंत? अनुभव सांगा

पडवी (केळशी)

आषाढ चालू आहे. आज चौथा दिवस, ऊन नाही. दोरीवरचे कपडे ओले ते ओलेच, भिंतींना बुरा, वीज येऊन-जाऊन. अशात सकाळी गॅस पेटवताना मनात येतं, हे सगळं कशासाठी? चहा कशासाठी, आंघोळ कशासाठी? आमची आजी याला 'मळभ आलंय' म्हणायची. आकाशालाही तेच आणि माणसालाही तेच.

आज लिहायला बसले ते वडिलांमुळे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यात आमच्या आगरातल्या पोफळी (सुपारीची झाडं) दुपारच्या दुपारी आडव्या झाल्या. थोडे माड वाचले, पोफळी जवळजवळ सगळ्या गेल्या. वडील तेव्हा चौऱ्याहत्तरचे. पंचनामा, पत्रे, कंदील, या गडबडीत ते ठीक होते. ओंडके उचलून झाले, आगर मोकळं झालं, आणि ते झोपाळ्यावर बसले ते बसलेच. दाढी नाही, पेपर नाही. जेवायला हाक मारली तर येणार, नाही मारली तर नाही. आम्ही म्हणायचो वय झालं, आई म्हणायची नजर लागली. नवीन रोपं लावू या म्हटलं तर म्हणाले, "सुपारी धरायला सहा-सात वर्षं. कोण बघणार?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नाही.

मग शेजारच्या काकू एक दिवस सुक्या सुपारीची गोणी घेऊन आल्या. "भाऊ, माझी बोटं धरलीत. एवढी सोलून द्याल का?" त्यांच्या बोटांना काहीएक झालेलं नव्हतं, दुसऱ्याच दिवशी मी त्यांना नारळ सोलताना बघितलं. वडिलांनी पहिल्या दिवशी अकरा सुपाऱ्या सोलल्या. मोजून अकरा. मग वीस, मग पायली. आठवड्याने काकूंनी सुनावलं, "यात चार किडक्या घातल्यात, नीट बघा जरा." वडील चिडले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा चिडले. आई आत जाऊन रडली.

तर तुमचंही सांगा. उपदेश नको, 'सकारात्मक विचार करा' असं लिहिणाऱ्याकडे सोलायला गोणी पाठवण्यात येईल. आणि आत्ता, या घटकेला कुणाला जगणंच नको वाटत असेल तर वाचत बसू नका. 14416 लावा. टेली-मानस हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एकाला तरी उठवा.

कलमवाला (देवगड)

हापूसची तीनशे कलमं आहेत माझी. तीन वर्षं सलग वाईट गेली. एकदा पाऊस लांबला आणि मोहोरच उशिरा आला, एकदा थ्रिप्सने मोहोर करपवला आणि फवारणीचा खर्च दुप्पट, आणि 2021 च्या मेमध्ये तौक्ते, उरलासुरला आंबा झाडाखाली. ऐकणारा म्हणेल, कर्जाने खचला. पण माझं उलटंच झालं. चौथ्या वर्षी पीक आलं, पेट्या भरल्या, पैसे आले, आणि मला काहीच वाटलं नाही. आढीच्या खोलीत वास घमघमतोय, मी मध्ये उभा, आणि वाटतंय की दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलोय. तेव्हा घाबरलो. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. वजन आठ किलो उतरलं.

भाऊ म्हणाला, बाहेरचं आहे. देवाला कौल लावला, भगत झाला, कोंबडा झाला. मी नावं ठेवत नाही. देवळात गाऱ्हाणं घातलं तेव्हा वीस माणसं माझ्या एकट्यासाठी 'व्हय म्हाराजा' म्हणाली, ते आत कुठेतरी लागलं. पण तीनची जाग गेली नाही.

बायको म्हणाली, डॉक्टर. मी म्हटलं, रत्नागिरीला नेऊन घालतेस काय मला? आमच्या बाजूला रत्नागिरी म्हटलं की आधी मनोरुग्णालय आठवतं, मग टिळक. (आंबा आम्ही देवगडवाले त्यांचा मानतच नाही.) तसं काही झालं नाही. आधी नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड आणि बी 12, कारण ते बिघडलं तरी माणूस असाच मरगळतो म्हणे. ते ठीक निघालं. मग मानसोपचाराची ओपीडी. डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. विचारते, "काका, दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज असंच वाटतंय का? आधी आवडायचं ते आता नकोसं झालंय का?" म्हटलं, बाई, दोन आठवडे कसले, दोन पावसाळे.

गोळीचं सांगतो, कारण गावात याबद्दल काहीही बोललं जातं. ती डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात चालत नाही. पहिले दहा दिवस मला नुसती मळमळ. टाकून देणार होतो. चौथ्या आठवड्यात एकदा डोळे उघडले तर घड्याळात सहा. बायकोला हलवून उठवलं आणि घड्याळ दाखवलं. ती म्हणाली, "बरं, मग चहा ठेवा." पुढे बरं वाटतंय म्हणून मनानेच गोळी बंद केली आणि महिन्याभरात परत खड्ड्यात. आता डॉक्टरणीला विचारून, हळूहळू कमी करतोय. सवय लागेल म्हणून घाबरवणारे भेटतील. झोपेच्या गोळ्या वेगळ्या आणि या वेगळ्या, हे मला तिने कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद अजून पाकिटात आहे.

चाकरमानी (गाव राजापूर, मुक्काम विरार)

समुद्र, माड, ताजे मासे! तुम्हाला कसलं आलंय डिप्रेशन? विरार लोकलला एक आठवडा लोंबकळा, सगळं मळभ उतरेल.

पडवी

गोणी रवाना.

सुरंगी (वेंगुर्ला)

चाकरमानी भाऊ, तुम्ही येता मे महिन्यात नाहीतर गणपतीला. तेव्हा घरात वीस ताटं पडतात. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी या बाजूला येऊन बघा. एका वाडीतल्या किती घरांना कुलूप आहे ते मोजा. आमचं अकरा खणांचं घर, माणसं दोन. मुलगा पुण्याला, मुलगी त्याहून लांब. गणपती गेले की मी चार दिवस मोठ्या टोपातच भात लावते. हात ऐकत नाही.

माझ्या पन्नाशीत हे सुरू झालं. डॉक्टरांनी पाळीचं विचारलं तेव्हा मला राग आला होता, पण त्याचाही भाग होता. मला सावरलं ते सुरंगीच्या फुलांनी. घराजवळ दोन झाडं आहेत. मोसम आला की उजाडायच्या आत शिडी लावायची, कारण कळी उमलायच्या आत काढावी लागते. ऊन वर आलं की हातातून गेली. मग पडवीत बसून गजरे. बोटं पिवळी होतात, वास दुपारपर्यंत नाकातून जात नाही. त्या दिवसांत 'कशासाठी' विचारायला सवड नसते. पण मोसम तो किती? शिमग्याच्या आगेमागे. उरलेल्या वर्षाचं काय करायचं ते मी अजून शोधतेय. सध्या पावसात शेजारणीकडे कुळथाची पिठी घेऊन जाते आणि तिची पेज पिऊन येते. एवढंच जमलंय.

खलाशी (मालवण)

आमचा काय, 1 जून ते 31 जुलै मासेमारीक बंदी. ट्रॉलर वर, जाळी घरात, नि आमी पडवेत. पयले आठ दिवस निजान जातत. मगे माणूस कुजता. मी पितंय ता मजेसाठी नाय, दिवस सरूचो म्हणान. गेल्या वर्षापासना आमी तिघे सकाळी सात वाजता एका खळ्यात जाळी शिवूक बसतव. जाळा शिवताना नजर खालती ठेवची लागता, म्हणान मनातला कायव बोललो तरी कोणाच्या तोंडाकडे बघूची पाळी येणा नाय. ता बरा. पिणा बंद नाय झाला. कमी झाला.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

आमचं स्टेशनरीचं दुकान. 22 जुलै 2021 ला पाणी आलं, ओसरलं तेव्हा आत गुडघाभर चिखल, वह्यांचे गठ्ठे फुगून उशा झालेले. मी एकदाही रडलो नाही. कुठूनकुठून पोरं घमेली घेऊन आली होती, त्यांना वडापाव देण्यात, यादी करण्यात माझी छाती फुगलेली. सगळे म्हणायचे, कमालीचा खंबीर आहेस.

पडलो फेब्रुवारीत. लख्ख ऊन. नवीन काउंटर, नवीन रंग, दहावीची गिऱ्हाइकं दारात, आणि मी शटर अर्धं वर केलं आणि तिथेच पायरीवर बसलो. पुढचं अर्धं वर करता येईना. शेजारच्या मेडिकलवाल्याने येऊन शटर ओढलं, काही न विचारता मला आत नेऊन बसवलं आणि दोन तास माझं गिऱ्हाईक सांभाळलं. समुपदेशक नंतर म्हणाले, असं उशिराच येतं बऱ्याचदा, धावपळ संपल्यावर, मदतीला आलेले घरी गेल्यावर. हे आधी माहीत असतं तर मी स्वतःला नाटकी म्हणालो नसतो.

आता जुलैत मोठा पाऊस लागला की रात्री एकटा झोपत नाही. बहिणीचं घर वरच्या अंगाला आहे, तिकडे जातो. भाचे हसतात, "मामा आला म्हणजे रेड अलर्ट." हसू देत.

पेन्शनर (सावंतवाडीजवळ)

रोज संध्याकाळी देवळात भजनाला बसतो. मन लागत नसलं तरी टाळ वाजवतो. कधी तिसऱ्या अभंगाला मन येतं. कधी येतच नाही, मग प्रसाद घेऊन घरी.

ओली वाळू (मंडणगड)

मी चोवीस वर्षांची. माझं कर्ज नाही, पूर नाही, काही नाही. म्हणूनच सांगायची लाज वाटायची. एम.एस्सी. झालं, नोकरी लागली, आणि एका सोमवारी बसमध्ये वाटलं की पुढची चाळीस वर्षं मला पाठ आहेत.

मैत्रिणीने वेळासला कासवांच्या कामाला नेलं. 2002 पासून तिथे ऑलिव्ह रिडलेची घरटी राखतात. अंडी जाळीच्या कुंपणात पुरतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, मग सकाळ-संध्याकाळ टोपली उचलायची आणि पिल्लं ओल्या वाळूवर सोडायची. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. बरोबरचे लोक हे ऐकून गहिवरले होते. मला खरं तर थंडी वाजत होती आणि भूक लागली होती. एक पिल्लू उलटं, डोंगराकडे तोंड करून निघालं, तेव्हा मात्र मी मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी.

पण इथे सगळं गोड गोड होऊ नये म्हणून लिहिते: घरी परतल्यावर आठ दिवसांत सगळं होतं तसंच झालं. किनारा काही औषध नाही. आता दर गुरुवारी फोनवर समुपदेशन घेते. पहिल्या तीन वेळा मी फक्त हवामानावर बोलले. चौथ्या वेळी बाबांवर.

पेन्शनर

मुली, तीन वेळांत हवामान संपलं? कोकणातली ना तू?

नाव नको

रात्रीचे पावणेतीन. कलमवाले काका, तुमचं पहाटे तीनला जाग यायचं वाचलं. माझे पाच महिने झाले. बाळ सात महिन्यांचं आहे, सगळे म्हणतात किती गुणी बाळ, आणि मला ते उचलावंसं वाटत नाही. हे मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय. मघाशी 14416 लावला. आधी नुसती रडले. पलीकडच्या बाईंनी थांबू दिलं. बाळंतपणानंतर असं होतं, त्यावर उपचार आहेत, असं म्हणाल्या. उद्या सकाळी नवऱ्याला सांगणार आहे. आज त्याला उठवायचा धीर होत नाहीये.

कलमवाला

आत्ताच उठव गो. झोप काय, त्याला उद्याही मिळेल.

सुरंगी

उठवलंस का?

नाव नको

उठवलं. तो बाळाला घेऊन बसलाय. मी झोपते.

पडवी

इथे तासभर ऊन आलंय, कपडे उलटे करून टाकले. वडील झोपाळ्यावरून विचारतायत, विरारला गोणी नक्की कुठल्या पत्त्यावर पाठवायची?