दोन भावांचं एक घर अन मागं भाडेकरू, जपानी शेअर हाऊससारखं जमल काय?

पांदणवाट:
आर्वीकडं गावात आमचा जुना वाडा उतरवून राहिलो, तिथंच नवीन घर काढायचं. माय-बाबा, मी, लहाना भाऊ, दोघांची लेकरं-बाया, अन मागं दोन खोल्या दवाखान्यातल्या सिस्टरांसाठी. चूल एकच ठेवायची. जपानच्या नागोयातलं एलटी जोसाई नावाचं शेअर हाऊस पाहिलं, २०१३ चं, १३ जणांच्या आपापल्या खोल्या अन बाकी घर सामायिक, मले लय आवडलं. मिस्त्री म्हणते मधात एक मोठा हॉल अन चारी बाजूनं खोल्या काढा. कोणाला अनुभव असल तर सांगा.

नकाशावाला:
दादा, तो एकच मोठा हॉल नका करू. जोसाईत खोल्या वर-खाली, मागं-पुढं सरकवल्या अन त्यांच्या मधात जे उरलं ते सामायिक ठेवलं, म्हणून तिथं पंगतीला बसायची जागा वेगळी अन एकट्यानं वाचत बसायचा कोपरा वेगळा. एका हॉलात पाहुणा बसला की सुनांना खोलीतून निघायची पंचाईत. समोर ओसरी, मधात जेवायची जागा, मागं छपरी असं तोडा, अन खोलीत जायचा रस्ता पाहुण्यांसमोरून नको.

वर्धेची ताई:
न्हाणीचं कोणीच बोललं नाही! जपानी घरात संडास, बेसिन अन आंघोळीची जागा बहुतेक वेगवेगळी राहते, एक जण आंघोळीला गेला तरी दुसऱ्याचं अडत नाही. एवढ्या माणसांत सकाळी हेच लागते, बाकी डिझाइन नंतर. चूल एक ठेवा पण भाऊ, दोन्ही सुनांच्या खोलीजवळ लहानसा ओटा द्याच, रात्री लेकराचं दूध गरम करायला सासूला उठवत जावं लागते ते मी पाहून राहिली.

कापूसपट्टा:
मे महिन्यात ४५ च्या वर जाते, हे धरून चाला. कूलर लावला तर हवा बाहेर निघाली पाहिजे, म्हणून प्रत्येक खोलीला बाहेरची खिडकी पाहिजेच. टोकियोचं मोरियामा हाऊस पहा, २००५ चं, आर्किटेक्ट रियुए निशिझावाचं, एकच घर दहा सुट्या डब्यांत फोडलं, मधात झाडं, काही डबे भाड्यानं. सिस्टरांच्या खोल्या तशा सुट्या काढा, नाइट ड्यूटी करून आलेल्या बाईला दिवसा झोप पाहिजे, अन इकडं लेकरं धिंगाणा करणारच. फक्त त्यांच्या पातळ पोलादी भिंती अन मोठ्या काचा आपल्या उन्हात नको, नऊ इंची विटाच बऱ्या.

पांदणवाट:
ताई, ओट्याचं घरी सांगितलं, दोघी लगेच हो म्हणाल्या. सुट्या खोल्यांचंही पटलं, पण त्यांचा रस्ता गोठ्याकडून काढावा लागल, पावसाळ्यात तिथं चिखल होते. फरशी टाकून भागल का जोतंच उंच घ्यावं?