विषय: फुएनहिरोलाला राहायला येताना घरखर्च किती धरावा?

प्रेषक: मंडळाची नवी सदस्य, पुणे

नमस्कार मंडळी,

मी, हे आणि आमची सात वर्षांची मुलगी येत्या उन्हाळ्यात पुण्याहून स्पेनला, मालागाच्या किनाऱ्यावर फुएनहिरोलाला यायचं ठरवतोय. मी नेदरलँड्समधल्या एका कंपनीचं काम कंत्राटावर, घरूनच करते. महिन्याला ४,३०० युरो मिळतात. दुरून काम करणाऱ्यांसाठी स्पेनने २०२३ पासून जो व्हिसा सुरू केला, त्याची तयारी चालू आहे.

आमचा महिन्याचा अंदाज असा: भाडं ९००, वीज-पाणी-इंटरनेट मिळून १००, किराणा ८००, प्रवास १००, किरकोळ ३००. म्हणजे २,२०० युरो. बाकीचे, म्हणजे जवळजवळ निम्मे, शिलकीत पडतील असं वाटतंय. ह्यांना हॉटेलचा अनुभव आहे, त्यामुळे तिथे काम मिळालं तर वरचे १,३०० धरलेत. सुरुवातीच्या खर्चाला इथून बारा लाख रुपये आणतोय.

घराची जाहिरातही पाहून ठेवली आहे. दोन बेडरूमचं, सामानासकट, समुद्र दोन मिनिटांवर, ९०० युरो, सप्टेंबर ते जून. ठरवून टाकू का? शाळा, सासूबाईंचं येणं-जाणं, याबद्दलही कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

---

प्रेषक: फुएनहिरोलाहून, लोस बोलिचेस भागातली एक सदस्य

ताई, नमस्कार.

आधी ते घर. ठरवू नका. तुम्हीच लिहिलंय की ते सप्टेंबर ते जून आहे, पण हिशेबात मात्र ते बारा महिन्यांचं घर म्हणून आलंय. या किनाऱ्यावर असे करार सर्रास होतात. जुलै-ऑगस्टमध्ये मालक तेच घर आठवड्याच्या बोलीने पर्यटकांना देतो, आणि ऑगस्टच्या एका पंधरवड्यात त्याचं तुमच्याकडून येणारं दोन महिन्यांचं भाडं वसूल होतं. म्हणून हिवाळ्यात तो स्वस्तात देतो. जूनअखेर तुम्ही सामान आणि मुलीसकट बाहेर, आणि तेही वर्षातल्या सगळ्यात महाग दिवसांत. त्या दोन महिन्यांचं राहणं आणि सामान ठेवायची जागा बाराने भागून भाड्यात मिळवा. नऊशेचं घर तेराशेच्या पुढे जातं.

या गावाचा खर्च महिन्याचा मांडूच नये, वर्षाचा मांडावा. उन्हाळा आणि हिवाळा इथे दोन वेगळी गावं असतात, आणि तुम्हाला दोन्हींत राहायचंय.

तुम्हाला हवा तो कायम निवासाचा करार. १९९४ च्या भाडेकायद्याप्रमाणे मालक व्यक्ती असेल तर पाच वर्षं आणि कंपनी असेल तर सात वर्षं तुम्हाला तिथे राहता येतं. तुम्हाला सोडायचं असेल तर सहा महिन्यांनंतर तीस दिवसांची सूचना पुरते. अनामत एक महिन्याची, वर जास्तीत जास्त दोन महिन्यांची जादा हमी मागता येते. २०२३ च्या घरकायद्यापासून दलालाचे पैसे मालकाने द्यायचे असतात. हंगामी करारात अनामत दोन महिन्यांची, आणि दलालीही बहुधा तुमच्याच गळ्यात येते. एखाद्याने करारावर ‘हंगामी’ लिहून वर्षभरासाठी घर देऊ केलं, तर कशासाठी ते ओळखा आणि पुढचं घर बघा.

आता खरं भाडं. समुद्रापासून थोडं आत, बाराही महिन्यांसाठी दोन बेडरूम, तर १,१०० ते १,४०० धरा. मी १,२५० लिहीन. रेल्वेच्या पलीकडे लास लागुनास आहे. ती मिहास नगरपालिकेची हद्द, पण फुएनहिरोलाला चिकटलेली. तिथे इथलीच माणसं राहतात, शाळा आहेत, दुकानं हिवाळ्यातही उघडी असतात आणि भाडं जरा बरं. मूल असलेल्यांना मी तेच सुचवते. पहिला महिना, अनामत आणि जादा हमी मिळून दारातच चार महिन्यांचे, म्हणजे ५,००० युरो लागू शकतात. तुमच्याकडे स्पॅनिश पगारपत्रक नाही. त्यामुळे मालक भाडेबुडीचा विमा काढू शकत नाही आणि हमीवर अडून बसतो.

करार हातात आला की पहिलं काम नगरपालिकेत पत्त्याची नोंद, म्हणजे पाद्रोन. फुकट असते, पण हंगामी घराचे मालक या नोंदीला नाखूष असतात, आणि मुलीची शाळा याच पत्त्यावर ठरते. सरकारी शाळेला फी नाही, सक्तीच्या शिक्षणाच्या वर्षांत आंदालुसियात, म्हणजे आपल्या या प्रांतात, पाठ्यपुस्तकंही मोफत मिळतात. पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचे अर्ज मार्चमध्ये घेतात. त्यानंतर आलात तर जिथे जागा उरली असेल तिथे. शाळेत जेवायचं असेल तर महिन्याला शंभर-सव्वाशे युरो ठेवा. इंग्रजी खासगी शाळांची फी वर्षाला हजारोंत जाते, तुमच्या आकड्यांत ती बसत नाही. आणि सात वर्षांचं मूल सरकारी शाळेत वर्षभरात स्पॅनिश बोलायला लागतं, ही काळजी करूच नका.

वीज. इथे हिवाळ्यात घर थंड असतं, बाहेरच्यापेक्षा आत जास्त. जुन्या इमारतींना भिंतीत उबेचा थर नाही, खाली फरशी किंवा संगमरवर, मध्यवर्ती हीटिंग नाही. बाहेर पंधरा अंश आणि ऊन, आत पायमोजे घालून पोळ्या लाटायच्या. समुद्राजवळ ओल इतकी की उत्तरेच्या भिंतीला लागून कपाट ठेवलं तर फेब्रुवारीत त्यामागे काळी बुरशी धरते, आणि स्वेटरला वास येतो तो धुवूनही जात नाही. त्यामुळे हीटर आणि हवेतली ओल शोषणारं यंत्र दोन्ही चालतात. डिसेंबर ते मार्च तिघांच्या घराचं नुसत्या विजेचं बिल महिन्याला दीडशेच्या पुढे जाऊ शकतं. मे आणि ऑक्टोबरमध्ये ते पन्नास-साठवर येतं. ऑगस्टमध्ये तेराल, म्हणजे डोंगरावरून येणारा गरम कोरडा वारा, सुटला की एसी पुन्हा आहेच. वर्षाची सरासरी वीज-पाणी-इंटरनेट मिळून १८० ते २०० धरा. शंभर पुरणार नाहीत.

बिलात एक स्थिर आकार असतो, तो तुम्ही किती किलोवॉटची जोडणी घेतली त्यावर. जुन्या घरांत बऱ्याचदा ३.४५ ची असते. शेगडी, गीझर आणि हीटर एकदम लावले की घर अंधारात. ती वाढवली तर वर्षभर जास्त भरावं लागतं, म्हणून आधी सवयी बदलून पाहा. तीन वेळांचा दर असलेली जोडणी असेल तर सकाळी १० ते दुपारी २ आणि संध्याकाळी ६ ते १० सर्वांत महाग, रात्री १२ ते सकाळी ८ आणि शनिवार-रविवार पूर्ण दिवस स्वस्त. गीझरला टायमर लावून तो पहाटे चालवायचा आणि कपडे शनिवारी धुवायचे. काही घरांत गीझर आणि शेगडी नारिंगी बाटल्यांवर असते, साडेबारा किलो ब्युटेनच्या. दर सरकार दोन महिन्यांनी ठरवतं, साधारण पंधरा ते अठरा युरो. स्वस्त पडतं, फक्त बाटली तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार ते आधी ठरवा.

किराण्याला तुम्ही ८०० धरलेत, ते जास्त आहेत. ६०० ते ६५० त भागतं. मसूर, हरभरे, तांदूळ, दूध, अंडी, मोसमातली भाजी आणि संत्री इथे परवडतात. मंगळवारी जत्रेच्या मैदानावर बाजार भरतो, तिथली भाजी सुपरमार्केटपेक्षा ताजी. छोटी मासळी, बोकेरोन आणि सार्डिन, स्वस्त आणि चवीला उत्तम. तूरडाळ, पोहे, गव्हाचं पीठ दक्षिण आशियाई दुकानांत मिळतं. कोथिंबीर मोरोक्कन दुकानातून घ्या. आमसुलं, गोडा मसाला आणि कुकरच्या रबरी रिंगा मात्र घरून आणा. रिंगांसाठी मी स्वतः पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आता तुमच्या ह्यांच्या पगाराचं. व्हिसाबरोबर जोडीदारालाही कामाची परवानगी मिळते, ते खरं. पण या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत बरेचसे करार कायम-खंडित असतात. हंगामात बोलावतात, नोव्हेंबरात थांबवतात, वसंतात पुन्हा बोलावतात. थांबलेल्या महिन्यांत बेकारभत्ता मिळतो, पण पुरेसे दिवस भरले असतील तरच. पहिल्या वर्षी त्यांचा पगार धरूच नका. मिळाला तर तो पुढच्या हिवाळ्यासाठी बाजूला ठेवा.

---

प्रेषक: तोरेमोलिनोसहून, मंडळाचे जुने सदस्य

तुला एकेरी लिहितो, माझ्या मुलीच्या वयाची आहेस.

खर्चाचं ताईंनी चोख सांगितलं आहे. मी जमेच्या बाजूचं सांगतो, कारण ४,३०० हा तुझा पगार नाही, ती तुझ्या धंद्याची जमा आहे. इथे तू स्वयंरोजगार म्हणून नोंदली जाशील. सामाजिक सुरक्षेचा हप्ता नव्याने नोंदणाऱ्यांना पहिले बारा महिने साधारण ८० युरो असतो. नंतर तो उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे वाढतो, आणि २०२५ च्या कोष्टकात तुझ्या उत्पन्नाला पाचशेच्या आसपास बसतो. शिवाय डच कंपनी तुझा स्पॅनिश कर कापणार नाही. तो तू दर तिमाहीला, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत, निव्वळ उत्पन्नाच्या वीस टक्क्यांप्रमाणे आगाऊ भरायचा. हिशेबनीस, ज्याला इथे गेस्तोर म्हणतात, महिन्याला पन्नास-साठ घेतो. हे सगळं वजा जाता पहिल्या वर्षी हातात ३,२०० च्या आसपास आणि दुसऱ्या वर्षी ३,००० धरून चाल. नक्की आकडा तुझी कागदपत्रं पाहून गेस्तोर सांगेल, पण ‘निम्मे शिलकीत’ हे डोक्यातून काढ. पैसे आले की वीस टक्के त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाक. इथे आलेल्या बऱ्याच तरुण मंडळींना पहिल्या तिमाहीनेच घाम फोडलेला मी पाहिला आहे.

व्हिसाची उत्पन्नाची अट बघून घे. किमान वेतनाच्या दुप्पट एकटीसाठी, जोडीदारासाठी ७५ टक्के आणि मुलासाठी २५ टक्के जास्त. २०२५ च्या किमान वेतनाने तिघांचे महिना ४,१४४ होत होते. त्या हिशेबानेही तुझ्याकडे फक्त दीडशेची फट उरते, आणि हे वेतन सरकार सहसा दरवर्षी वाढवतं. कंपनीशी दरवाढीचं बोलून घे, आत्ताच.

बारा लाखांपैकी दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापेल. एप्रिल २०२५ पासून मर्यादा दहा लाख आहे, आणि ती दर माणशी, दर आर्थिक वर्षाला. सहा तू पाठव, सहा जावयांच्या खात्यातून जाऊ देत. युरो शंभर रुपयांच्या वर आहे, तेव्हा बारा लाख म्हणजे बारा हजार युरोही नाहीत. त्यातले पाच हजार घराच्या दारातच गेले.

वर्षातले १८३ दिवसांपेक्षा जास्त इथे राहिलीस की तू इथली कर-रहिवासी. मग भारतातली बँकखाती, म्युच्युअल फंड आणि फ्लॅट यांपैकी कोणत्याही गटाची बेरीज ५०,००० युरोंच्या वर गेली तर पुढच्या मार्चअखेर ७२० क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. पुण्यातल्या एका फ्लॅटनेही ती मर्यादा ओलांडली जाऊ शकते. यात कर नाही, नुसती माहिती. पण ती दे.

गाडीचा विचार असेल तर भारतीय परवाना रहिवासी झाल्यावर सहाच महिने चालतो आणि तो बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा, गाडीची परीक्षा, ड्रायव्हिंग स्कूल, सगळं नव्याने. हजाराच्या आसपास जातात. मी तर म्हणेन गाडी नकोच. फुएनहिरोलाहून लोकल थेट विमानतळ आणि मालागाला जाते.

सासूबाई पर्यटक म्हणून आल्या तर १८० दिवसांत ९० दिवस, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा. ऑक्टोबर किंवा एप्रिल-मेमध्ये बोलाव. जानेवारीत त्यांच्या गुडघ्यांना ती फरशी सोसणार नाही.

---

प्रेषक: पुणे

ताई, काका, मनापासून आभार. काल रात्री बसून नवा तक्ता केला. वर्षाचा केला, तुम्ही म्हणालात तसा. भाडं १५,०००, वीज-पाणी-इंटरनेट २,३००, किराणा ७,६००, शाळेचं जेवण आणि मुलीचं इतर १,५००, प्रवास १,०००, खासगी आरोग्य विमा तिघांचा २,०००, कपडे-औषधं-किरकोळ ३,०००. एकूण ३२,४०० युरो, म्हणजे महिन्याला २,७००. काकांच्या हिशेबाने हातात ३,२०० येणार असतील तर पहिलं वर्ष निघतं, दुसरं अगदी काठावर. दरवाढीचं कंपनीला आजच लिहिलं.

ती जाहिरात सोडली. ह्यांचं म्हणणं, आधी हे एकटे पुढे येऊन घर बघतील. कधी यावं? आणि भारतात यायच्या तिकिटांचं काही धरलेलं नाही, ते कुठून काढावं?

---

प्रेषक: लोस बोलिचेस

तिकिटं तुमच्या ह्यांच्या हंगामी पगारातून. म्हणूनच तो पगार खर्चात धरू नका म्हटलं. मुलीला आजीकडे नेता आलं पाहिजे, ते किरकोळ खर्चात ढकलू नका, त्याची स्वतंत्र ओळ ठेवा.

ह्यांना फेब्रुवारीत पाठवा. पर्यटक कमी असतात, मालकांशी निवांत बोलता येतं, करार लवकर झाला आणि पाद्रोन मिळाली तर मार्चमधला शाळेचा अर्जही साधू शकेल. आणि घर हिवाळ्यातच बघावं. भिंतीला हात लावून ओल कळते, दुपारी ऊन खोलीत येतं की नाही ते दिसतं. दक्षिणेकडे तोंड असलेलं घर पन्नास युरो महाग असेल तरी घ्या, ते पैसे विजेत परत येतात. मालकाकडे मागच्या जानेवारीचं वीजबिल मागा. देत नसेल तर का देत नाही ते विचारा. इमारतीचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर कोण भरणार ते करारात वाचा. काही मालक ते हळूच भाडेकरूवर टाकतात.

ह्यांच्या येण्याची तारीख ठरली की इथेच कळवा. घरं बघायला मी बरोबर येईन. दलालाशी स्पॅनिशमध्ये बोलायला कुणी असलेलं बरं. कराराचा मसुदा सही करायच्या आधी आम्हाला दोघांनाही दाखवा.