‘अधिक रिडंडंट मांडणी’ मराठीत कशी लिहावी?

विचारणा
लिनक्सवरच्या सॉफ्टवेअर रेडची (अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी बिघडली तरी डेटा वाचवणाऱ्या रचनेची) माहितीपुस्तिका मराठीत लिहीत आहे. ४ टेराबाइटच्या चार डिस्कांचा रेड ५ संच आहे, त्यात पाचवी डिस्क घालून रेड ६ करायचा. ‘अधिक रिडंडंट मांडणी’पाशी अडलो. शब्दकोशात ‘अनावश्यक’, ‘फाजील’ असे अर्थ मिळतात. ‘राखीव’ चालेल का?

उत्तर
‘राखीव’ नको, कारण तो शब्द ‘स्पेअर’साठी लागणार आहे आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे. राखीव डिस्क रिकामी बसून असते. एखादी डिस्क गेली की तिच्यावर पुनर्बांधणी सुरू होते आणि ती पुरी होईपर्यंत रेड ५ला दुसरा धक्का सोसत नाही. रेड ६मधली पाचवी डिस्क मात्र सुरुवातीपासून कामात असते, म्हणून एकाच वेळी कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचता येतो. दोन्हीकडे डिस्क पाचच आणि वापरायची जागा १२ टेराबाइटच. तुमच्या वाचकाने ‘राखीव’ वाचून पाचवी डिस्क नुसती स्पेअर म्हणून जोडली, तर रेड ६ झालं अशा समजुतीत तो राहील.

‘अनावश्यक’ने तर अर्थ उलटाच होतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ओसंडून वाहणे. रोजच्या इंग्रजीत त्याला ‘गरजेपेक्षा जास्त’ ही नकारात्मक छटा आली. पण गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्ये माहितीच्या सिद्धांतात रिडंडन्सी मोजता येणारी राशी म्हणून मांडली, आणि मजकुरातली गळालेली अक्षरं वाचणाऱ्याला भरून काढता येतात ती या जादापणामुळेच. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८च्या बर्कलेच्या निबंधात ‘रेड’ हे नाव आलं, त्यातलं पहिलं अक्षर ‘आर’ म्हणजे ‘रिडंडंट’, याच अर्थाने.

म्हणून नामाच्या मागे न लागता ती मांडणी काय करते ते लिहावं, असं माझं ठाम मत आहे: ‘एका डिस्कची तूट सोसणाऱ्या मांडणीतून दोन डिस्कांची तूट सोसणाऱ्या मांडणीत जाणे’. वाक्य लांबतं, पण वाचणाऱ्याला नेमकं काय मिळणार ते कळतं.

आणखी एक मत
‘पुनरुक्ती’ का नको? वेदपठणाच्या घनपाठ पद्धतीत तीच पदं उलटसुलट क्रमाने पुन्हा म्हणतात, ती पाठ बिघडू नये म्हणूनच.

त्यावर
रेड १साठी अगदी चपखल, कारण तिथे तोच मजकूर दोन डिस्कांवर असतो. रेड ६मध्ये काहीच पुन्हा लिहिलेलं नसतं. प्रत्येक पट्ट्यात (सगळ्या डिस्कांवर पसरलेल्या तुकड्यांच्या एका ओळीत) दोन वेगळी गणितं साठवतात: पी म्हणजे डेटाच्या सगळ्या तुकड्यांचा एक्सऑर (हातचा न घेता केलेली बिटांची बेरीज), आणि क्यू हे गॅल्वा क्षेत्रातल्या (मोजक्याच घटकांच्या अंकगणितातल्या) गुणकांनी काढलेलं. समीकरणं दोन, म्हणून अज्ञातं दोन सोडवता येतात. याला पुनरुक्ती म्हटलं तर वाचक प्रती शोधत बसेल. (पी, क्यू अशा गणितांना, म्हणजे पॅरिटीला, ‘समता’ही म्हणू नका. मराठी वाचकाला त्या शब्दाने आधी सामाजिक समता आठवते.)

विचारणा करणारे
पटलं. मग ‘रीशेप’लाही, म्हणजे संचाची रचना बदलण्यालाही, ‘पुनर्बांधणी’ म्हणावं का?

उत्तर
नाही, ‘फेरमांडणी’ म्हणा. पुनर्बांधणीत एका डिस्कवर नसलेला मजकूर इतरांवरून काढून लिहितात. फेरमांडणीत प्रत्येक पट्टा वाचून नव्या रचनेत सगळ्या डिस्कांवर पुन्हा लिहिला जातो. इथे डेटाचे तुकडे आधीइतकेच, पट्ट्यामागे तीन, राहतात, त्यामुळे नवा पट्टा जुन्याच्याच जागेवर येतो. मध्येच वीज गेली तर तो पट्टा अर्धवट राहू नये म्हणून एमडीएडीएम हे लिनक्समध्ये रेड सांभाळणारं साधन बॅकअप फाइल मागतं. ती त्याच संचावर ठेवायची नाही, हे ठळक अक्षरांत लिहा.

एक अपवाद नोंदवून ठेवा. जुनी रचना जपण्याचा पर्याय दिला, तर सगळं क्यू नव्या डिस्कवरच जातं आणि जुन्या चार डिस्क फक्त वाचल्या जातात. त्या कामाला मात्र ‘पुनर्बांधणी’च म्हणायला हवं.