प्रौढ वयात मिळालेले ॲस्पर्जरचे निदान बरोबर आहे का? सीमाभागातील आपले अनुभव

मी मूळचा बेळगावच्या शहापूर भागातला असून माझे वय ३९ आहे. २०१० साली बेंगळूरला नोकरीत असताना एका मानसोपचारतज्ज्ञांनी चाळीस मिनिटांच्या भेटीनंतर माझ्या कागदावर ‘ॲस्पर्जर सिंड्रोम, एफ ८४.५’, म्हणजे ऑटिझमच्या एका प्रकाराचे नाव आणि त्याचा वैद्यकीय संकेतांक, असे लिहून दिले. त्या दिवशी मला फार हलके वाटले होते, हे आधीच सांगून टाकतो. जेवणाच्या सुट्टीत सगळे एका टेबलाभोवती बसत आणि मी जिन्यात बसून डबा खात असे. त्या जिन्याला त्या दिवशी नाव मिळाले. पुढची चौदा-पंधरा वर्षे कोणी घुम्या म्हटले, कोणी शिष्ट म्हटले, तरी मनातल्या मनात तो कागद उघडून मी स्वतःची समजूत काढत आलो.

गेल्या दिवाळीत माळा झाडताना आईच्या हाती माझे तिसरीचे प्रगतिपुस्तक लागले. त्यावर बाईंनी शेरा लिहिला आहे, ‘तरगतियल्लि मातनाडुवुदिल्ल’, म्हणजे वर्गात बोलत नाही. हाच शेरा मी बेंगळूरच्या त्या भेटीत पुरावा म्हणून सांगितला होता आणि डॉक्टरांनी तो टिपूनही घेतला होता. आईने शेरा वाचला आणि म्हणाली, “अरे, त्याच वर्षी बाबांची बदली बैलहोंगलला झाली. मराठी शाळेतून उचलून तुला कन्नड शाळेत घातला. तुला कन्नड कुठं येत होतं? गल्लीत तर तुझं तोंड मिटत नव्हतं की.” मी चाटच पडलो. ज्या मौनावर माझे निदान उभे होते, ते मौन भाषेचे होते की माझे, हे त्या चाळीस मिनिटांत कोणी विचारलेच नव्हते, कारण आई तिथे नव्हती.

गंमत अशी, की त्याच संध्याकाळी आईने आणखी एक आठवण सांगितली. आगपेट्यांवरची चित्रे मी रंगांच्या क्रमाने खिडकीच्या कट्ट्यावर मांडून ठेवत असे आणि कोणी त्यांतले एक जरी हलवले तरी रात्री जेवत नसे. त्यामुळे पारडे कुठल्या बाजूला झुकते, हे मला अजून कळलेले नाही. ज्यांना मोठेपणी असे निदान मिळाले आणि पुढे त्याबद्दल शंका आली, त्यांनी आपला अनुभव लिहावा. निदान कायम राहिले, बदलले की अधांतरी आहे, तपासणी कोणत्या भाषेत झाली आणि तुमच्या लहानपणाबद्दल तिथे कोण बोलले, एवढे जरूर सांगावे. डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नावे कृपया टाळावीत.

शिक्षिका, खानापूर तालुका

माझे उलटे झाले. मुलाच्या तपासणीला गेले असताना तिथल्या बाईंनी मलाच चार प्रश्न विचारले आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला निदान मिळाले. घरी कोणाचाच विश्वास बसला नाही. नणंद म्हणाल्या, “पस्तीस पोरांसमोर दिवसभर बोलतेस, तुला कसला आलाय ऑटिझम?” हे इतक्या वेळा ऐकले की मलाही ते पटू लागले, आणि दीड वर्षाने निदान खोडून घ्यावे या हेतूनेच मी दुसरीकडे गेले.

या वेळी तीन बैठका झाल्या. आई हयात नसल्याने जांबोटीहून आत्याला बरोबर नेले होते. तिसऱ्या बैठकीत मला विचारले, की वर्गात बोलण्यात आणि शिक्षकांच्या खोलीत बोलण्यात काय फरक वाटतो? मी सहज सांगून गेले, की वर्गात धडा ठरलेला असतो, प्रश्न माझे असतात आणि उत्तरे पुस्तकात असतात. शिक्षकांच्या खोलीत पुढचे वाक्य कोण बोलणार हे कुठेच लिहिलेले नसते. मग हळदीकुंकवाचा विषय निघाला. संक्रांतीच्या आधी मी तीन प्रश्न तयार करून ठेवते: तांदूळ कसा झाला, मुलगी कितवीला आहे, माहेरी कधी जाणार. कुठे हसायचे आणि ओटी भरताना कोणाकडे पाहायचे, हे मी वहिनींच्या मानेच्या वळण्यावरून शिकले आहे. वहिनी ज्या वर्षी माहेरी होत्या, त्या वर्षी मी पाच घरांऐवजी एकाच घरी जाऊन परतले आणि माजघरात दार लावून अंधारात पडून राहिले. आत्याने सांगितले, की ही सवय मला सहाव्या-सातव्या वर्षापासून आहे. पाहुणे आले की मी भाताच्या कणगीमागे जाऊन बसत असे. माझे निदान कायम राहिले. छान बोलता येणे हा त्याविरुद्धचा पुरावा नसतो, हे नणंदांना अजूनही पटलेले नाही.

समुपदेशक, चिक्कोडी परिसर

वरचे दोन्ही अनुभव वाचून थोडी पार्श्वभूमी लिहावीशी वाटते. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्जर यांनी १९४४ साली अशा मुलांचे वर्णन केले आणि इंग्लंडमधील लोर्ना विंग यांनी १९८१ साली त्यांचे नाव या अवस्थेला जोडून प्रचारात आणले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ते १९९४ साली आले आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत वगळले गेले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली वर्गवारीही आता फक्त ऑटिझम स्पेक्ट्रम म्हणते. पुष्कळ जण माझ्याकडे येऊन “नावच रद्द झाले, म्हणजे माझे निदान खोटे होते का?” असे विचारतात. तसे नाही. जुन्या निकषांवर नीट केलेले ॲस्पर्जरचे निदान असेल, तर त्या व्यक्तीला ऑटिझम स्पेक्ट्रमचे निदान द्यावे, असे त्याच पाचव्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलेले आहे. शंका नावाबद्दल घेण्यात अर्थ नाही. ‘नीट केलेले’ या दोन शब्दांबद्दल मात्र अवश्य घ्यावी.

नीट म्हणजे काय, तर लक्षणे लहानपणापासून होती याची खातरजमा. सामाजिक भीती, मंत्रचळ (तेच ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होणे, ओसीडी), अवधानाचा दोष (लक्ष न टिकणे, एडीएचडी), दीर्घकाळचे नैराश्य यांमुळेही माणूस लोकांत अवघडतो आणि एका भेटीत ते ऑटिझमसारखेच दिसू शकते. शिवाय २०१३ पूर्वी अमेरिकन निकषांनुसार अवधानदोष आणि ऑटिझम ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देता येत नसत, त्यामुळे त्या काळातल्या कागदांवर अनेकदा एकच बाजू उमटलेली आहे. मोबाइलवर पन्नास प्रश्नांची एक चाचणी भरून, ३२ च्या वर गुण आले म्हणून घाबरून येणारेही असतात. ती केंब्रिजमध्ये २००१ साली तयार झालेली चाळणी आहे, निदान नव्हे.

भाषेबद्दल मला आपल्या भागापुरते एक सांगायचे आहे. वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेणे हे एक लक्षण मानतात, म्हणून तपासणीत असे वाक्प्रचार विचारतात. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ते कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत विचारले आणि तो अडखळला, तर त्यातून काय सिद्ध होते? माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या अहवालात ‘लाक्षणिक अर्थ समजत नाही’ असे लिहिलेले होते, आणि ते गृहस्थ माझ्यासमोर बसून आपल्या साडूबद्दल “तो मूग गिळून बसलाय” असे म्हणत होते.

वखारीतील हिशेबनीस, निपाणी

माझे थोडक्यात आहे. तंबाखूच्या वखारीत मी हिशेब पाहतो. लोक बोलत असताना मी मध्येच तिसरेच काही बोलतो, नजर देण्याऐवजी ओठांकडे पाहतो, चारचौघांत गप्प होतो, या कारणांवरून मला हे निदान मिळाले होते. दोन वर्षांनी भाचीच्या आग्रहाने कानांची तपासणी केली, तेव्हा दोन्ही कानांत वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात असे निघाले. यंत्र लावल्यापासून वखारीतल्या गप्पांत मी बसतो. माझी एवढीच विनंती आहे, की बाकी काही करण्याआधी कान तपासून घ्यावेत. फार खर्च येत नाही.

बहीण, वडगाव

मी माझ्या धाकट्या भावाबद्दल लिहीत आहे, आणि त्याला विचारूनच लिहीत आहे. आमच्या घरी यंत्रमाग आहेत. खडखडाटात परक्याला शब्द ऐकू येत नाही, पण भावाला त्याचा त्रास होत नाही. उलट वीज गेली आणि माग थांबले की तो अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालतो. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक मात्र त्याला सोसत नाही, कारण, त्याच्याच शब्दांत, “मागाचा आवाज पुढं काय करणार हे ठाऊक असतंय, ढोलाचं ठाऊक नसतंय.”

त्याच्या निदानावर शंका आम्हाला आली नाही, ती एका नातेवाइकाने घातली. भावाकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आहे. त्यासाठी वापरतात त्या ऑटिझमच्या भारतीय मोजपट्टीत चाळीस बाबी असतात, प्रत्येकीला एक ते पाच गुण असतात आणि सत्तर गुणांपासून ऑटिझम धरतात. भावाला चौऱ्याहत्तर मिळाले. नातेवाईक म्हणाले, की चारच गुणांचा प्रश्न आहे, पुन्हा तपासले तर जाईल, कशाला लग्नाच्या आड ठेवता? मलाही क्षणभर मोह झाला. पण मोजपट्टीतल्या बऱ्याच बाबी लहान मुलाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यासारख्या वाटतात, आणि सव्वीस वर्षांचा माणूस घरच्यांनी ओरडून ओरडून जे दाबायला शिकवले ते डॉक्टरांसमोर दाखवत नाही. गुण काठावर आले, याचा अर्थ त्रास काठावर आहे असा होत नाही. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत ऑटिझम आहे आणि त्या कागदामुळे भावाला परीक्षेत वेगळी खोली मिळाली. पुन्हा तपासणी करायची की नाही, हे त्याने ठरवावे असे आम्ही ठरवले. त्याने नको म्हटले.

विद्यार्थी, हुक्केरी तालुका

समुपदेशक बाईंचे म्हणणे मला पटते, तरी दुसरी बाजू कोणीतरी लिहायला हवी. एकोणिसाव्या वर्षी मिळालेले माझे निदान तेविसाव्या वर्षी बदलले. आता कागदावर सामाजिक भीती आणि अवधानदोष असे लिहिलेले आहे. औषधांचा उपयोग होतो आहे, म्हणजे नवे निदान बहुधा बरोबर असावे. पण ते हाती घेऊन बसमध्ये बसलो तेव्हा संकेश्वर येईपर्यंत मी रडत होतो. चार वर्षे मी घरी सांगत आलो होतो, की मी असाच घडलो आहे, मला बदलायला सांगू नका. त्या रात्री आप्पांनी कागद वाचला आणि म्हणाले, “म्हणजे आता बरा होशील की.” ते प्रेमानेच म्हणाले, तरीही मला ते वाक्य अजून टोचते.

पुन्हा धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. निपाणीच्या काकांचे ऐकून मी कान तपासून घेतले. ते ठीक आहेत. धारवाडला पुढच्या महिन्यातली वेळ मिळाली आहे. फोनवर मी पहिलाच प्रश्न भाषेचा विचारला. डॉक्टर कन्नड बोलतात, पण आईशी बोलायला मराठी जाणणाऱ्या एक बाई असतील, असे सांगितले. आईने प्रगतिपुस्तक पिशवीत घालून ठेवले आहे आणि बैलहोंगलच्या आधीच्या मराठी शाळेतले दुसरीचे पुस्तक ती अजून शोधते आहे, कारण खरा फरक त्या दोन वर्षांत आहे असे तिचे म्हणणे आहे. हुक्केरीच्या मित्राने लिहिलेले मी तिला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने विचारले, की निदान बदलले तर तू पुन्हा जिन्यात जाऊन बसशील का? मला उत्तर देता आले नाही. तारीख झाली की इथेच लिहीन.