महिन्याच्या आकड्याला तारीख कशाला? पांडाजमध्ये पीरियड इंडेक्सच वापरा

महिनाअखेर

बरेच दिवस मनात आहे, आज लिहूनच टाकतो. पांडाज या पायथनच्या डेटा-लायब्ररीत महिन्याचा किंवा तिमाहीचा डेटा असेल तर त्याला तारखांचा इंडेक्स (ओळींची लेबलं) देऊ नका, पीरियडचा द्या, म्हणजे अख्खा महिना किंवा तिमाही हेच लेबल. आणि तो इंडेक्सच असू द्या, कुठल्यातरी कोपऱ्यातला कॉलम नको.

मार्चची एकूण विक्री हा अख्ख्या मार्चचा आकडा आहे, तो १ मार्चचा नाही आणि ३१ मार्चचाही नाही. पण टाइमस्टॅम्प (एका क्षणाची तारीख-वेळ) वापरला की कुठलीतरी एक तारीख द्यावीच लागते आणि मग जो तो आपल्या मनाने देतो. एकाच्या फाइलमध्ये २०२४-०३-०१, दुसऱ्याच्या फाइलमध्ये २०२४-०३-३१. आता या दोन सिरीज (लेबलं लावलेल्या आकड्यांच्या याद्या) घ्या आणि एकीला दुसरीने भागा. पांडाज आधी लेबलं जुळवतं मग गणित करतं, इथे एकही लेबल जुळत नाही, म्हणून दुप्पट ओळी येतात आणि सगळीकडे नॅन, म्हणजे रिकामी किंमत. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. पुढे कोणी त्याची बेरीज घेतली तर उत्तर शून्य, कारण सम (बेरजेचं फंक्शन) नॅन गाळतो आणि काहीच उरलं नाही तर शून्य देतो. तेच दोन्हीकडे आधी टू_पीरियड करून महिना केला असता तर दोन्ही तारखा २०२४-०३ या एकाच लेबलवर आल्या असत्या आणि विषय संपला असता.

दुसरं म्हणजे महिने पुढे-मागे करणं. ३१ जानेवारी २०२४ मध्ये डेटऑफसेटने एक महिना मिळवा, २९ फेब्रुवारी येतो, बरोबर आहे. त्यात परत एक मिळवा, २९ मार्च. महिनाअखेर हातातून गेली. पीरियडमध्ये अधिक एक म्हणजे पुढचा महिना, बस. किती दिवसांचा महिना हवा असेल तर डेज_इन_मंथ विचारा, तो फेब्रुवारी २०२४ ला २९ सांगतो. एवढी सोय असताना लोक अजून महिन्याची पहिली तारीख का चिकटवतात हे मला खरंच कळत नाही.

सपाटटेबल

तुम्ही जो किस्सा सांगितला त्यात खरा दोष तारखेचा नाही, इंडेक्सचा आहे. न विचारता मागच्या मागे लेबलं जुळवणं हेच मुळात धोक्याचं. मी इंडेक्सला हात लावत नाही, आला की लगेच रीसेट_इंडेक्स, म्हणजे तो साधा कॉलम होतो. जोडायचं असेल तर मर्ज करा, कोणत्या कॉलमवर ते स्वतः लिहा, व्हॅलिडेट मध्ये वन_टू_वन (एका ओळीला एकच ओळ) द्या आणि इंडिकेटर चालू ठेवा, मग किती ओळी जुळल्या नि किती एकट्याच राहिल्या ते डोळ्यांसमोर येतं. कोड वाचणाऱ्यालाही कळतं की इथे जोडणी होतेय. भागाकाराच्या एका चिन्हात जोडणी लपलेली असणं हे मला मान्यच नाही.

पोलार्स या दुसऱ्या डेटा-लायब्ररीवाल्यांनी इंडेक्स ठेवलाच नाही आणि त्यांचं काही अडलं नाही. सगळं कॉलममध्ये. इंडेक्समधली माहिती हरवायला एक टू_सीएसव्ही पुरतो, इंडेक्स फॉल्स लिहिलं की तारखा गेल्या, नाही लिहिलं आणि इंडेक्सला नाव नसलं की परत वाचताना अननेम्ड शून्य नावाचा कॉलम आला. रोजचा प्रकार आहे हा.

महिनाअखेर

ठीक आहे, मग कॉलमनेच काम करू. वेळेसकट नोंदी आहेत, मार्चअखेरपर्यंतच्या हव्यात. तुम्ही लिहिणार कॉलम लहान किंवा समान '२०२४-०३-३१'. हे म्हणजे ३१ मार्चच्या मध्यरात्रीचे ठोके. त्या दिवशी दुपारी २ वाजून २० मिनिटांची नोंद बाहेर गेली, अख्खा ३१ मार्च गेला. आता तीच तारीख इंडेक्समध्ये ठेवा, इंडेक्स क्रमाने लावा आणि लॉकमध्ये (लेबलने ओळी निवडायची सोय) '२०२४-०३-३१' पर्यंतचा स्लाइस, म्हणजे तुकडा, घ्या, तो दिवस पूर्ण येतो, कारण तिथे अर्धवट लिहिलेली तारीख तो पूर्ण कालखंड म्हणून वाचतो. नुसतं '२०२४-०३' दिलं तर पूर्ण मार्च. तारीख तीच, पण कॉलमवर एक अर्थ आणि इंडेक्सवर दुसरा, आणि आपल्याला नेहमी हवा असतो तो दुसराच. ही चूक मी महिन्याच्या रिपोर्टांत सतत बघतो आणि ती पकडणं फार अवघड, कारण आकडा थोडासाच कमी असतो, कुणाला संशय येत नाही.

सपाटटेबल

त्यावर उपाय सरळ आहे, '२०२४-०४-०१' पेक्षा लहान लिहा. अर्धं उघडं अंतर. प्रत्येक डेटाबेसमध्ये हेच चालतं. एकच स्ट्रिंग दोन ठिकाणी दोन अर्थ घेते हा तुमच्या बाजूचा मुद्दा झाला असं मला वाटत नाही, तो माझ्या बाजूचा झाला. आणि इंडेक्स क्रमाने नसेल तर तोच स्लाइस की-एरर देतो, म्हणजे आधी सॉर्ट केलंय का हेही लक्षात ठेवायचं.

विदागार

मी तिसरीच अडचण मांडते. इंडेक्स की कॉलम हा वाद बाजूला ठेवा, पीरियड हा प्रकार पांडाजच्या बाहेर कुणाला माहीतच नाही. डेटाबेसमध्ये टाकायला गेलं की तारीख किंवा मजकूर करावा लागतो. सीएसव्हीत नुसतं २०२४-०३ असं अक्षर पडतं, वाचणाऱ्याला ते महिन्याचं आहे हे आपण सांगायचं. पार्के या फाइल-प्रकारात पायॲरो लायब्ररीमार्फत पीरियड जातो आणि पांडाजमध्ये नीट परत येतो, पण दुसऱ्या टूलने ती फाइल उघडली तर त्याला आतले पूर्णांक दिसतात. म्हणजे प्रत्येक सीमेवर रूपांतर, आणि प्रत्येक रूपांतरात स्टार्ट की एंड हा निर्णय परत घ्यायचा. एंड घेतलात तर टाइमस्टॅम्प येतो रात्री ११:५९:५९ आणि पुढे दशांशात नुसते ९. पुढच्या माणसाने ते दुसऱ्या टेबलातल्या नुसत्या तारखेशी जुळवलं की परत जुळत नाही, म्हणजे ज्या त्रासातून सुटायला निघालो तोच दारात उभा.

शिवाय वजाबाकी. दोन पीरियडमधला फरक किती महिने हे विचारलं तर सरळ ३ येत नाही, महिनाअखेरांचा ऑफसेट ऑब्जेक्ट येतो, त्यातून एन (महिन्यांचा आकडा) काढायचा. पूर्ण कॉलम वजा केला की ऑब्जेक्ट प्रकारचा कॉलम, मोठ्या टेबलवर तो रांगतो. तारखेचं वर्ष गुणिले १२ अधिक महिना असा साधा पूर्णांक करून वजा केलं तर क्षणात होतं आणि ते कुठल्याही भाषेत चालतं.

आणि आर्थिक वर्षाचं तर विचारूच नका. वर्ष मार्चला संपणारं असेल तर फ्रीक्वेन्सी (कालखंडाचा प्रकार) क्यू-मार. एप्रिल ते जून २०२४ ही तिमाही तिथे २०२५क्यू१ होते. आता त्यावर इयर विचारा, २०२४ येतं. क्यूइयर विचारा, २०२५ येतं. ज्याला हा फरक ठाऊक नाही त्याने इयरवर ग्रुपबाय (गट पाडणं) केलं की पहिल्या तीन तिमाह्या एका वर्षात आणि चौथी पुढच्या, रिपोर्टमधली वर्षं फाटली.

महिनाअखेर

क्यूइयरचा मुद्दा खरा आहे, तो माहीत असायलाच हवा. पण त्याला पर्याय काय? प्रत्येक फाइलच्या वर कोणीतरी लिहिलेलं, महिना चारपेक्षा लहान असेल तर वर्ष तेच नाहीतर अधिक एक, आणि तिमाहीसाठी अजून एक फंक्शन, त्याच्या प्रत्येक टीमकडे वेगळ्या प्रती. क्यू-मार लिहिलं की वर्ष कधी संपतं ही माहिती डेटाबरोबर फिरते. आणि महिन्याच्या पीरियडची तिमाहीच्या पीरियडशी लहान-मोठी तुलना केलीत तर सरळ एरर येते. १ एप्रिलवर बसवलेला महिना आणि १ एप्रिलवर बसवलेली तिमाही, टाइमस्टॅम्पमध्ये ह्या दोन्ही अगदी सारख्या, कोणी अडवत नाही. मला अडवणारं हत्यार हवंय.

रात्रपाळी

माझं काम सेन्सरच्या तासातासाच्या नोंदींचं, तिथे पीरियड अजिबात चालत नाही. त्याला टाइमझोन नसतो. टाइमझोनवाल्या तारखांवर टू_पीरियड केलं की झोन गळतो, पांडाज वॉर्निंग देतं पण काम पुढे रेटतं. जिथे घड्याळं मागे घेतात तिथे त्या रात्री एक तास दोनदा येतो, झोन गळला की दोन वेगळ्या तासांना एकच लेबल, म्हणजे इंडेक्समध्ये डुप्लिकेट. मग रीइंडेक्स (नव्या लेबलांवर डेटा बसवणं) चालत नाही, डुप्लिकेट लेबलं आहेत म्हणून एरर. महिन्यावाल्यांनीसुद्धा हे लक्षात घ्या, नोंदी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतील आणि तुमचं घड्याळ त्याच्या पुढे असेल तर यूटीसीतल्या ३१ मार्चच्या शेवटच्या काही तासांतल्या नोंदी तुमच्या एप्रिलच्या आहेत. आधी टीझेड_कन्व्हर्ट (झोन बदलणं), मगच महिना. उलट क्रम केला तर झोन गेलेला असतो, परत आणता येत नाही.

पण इंडेक्सच्या बाबतीत मी सपाटटेबल यांच्याशी सहमत नाही. शिफ्ट घ्या. नुसतं शिफ्ट एक म्हणजे मागची ओळ, मागचा महिना नव्हे. मे गायब असेल तर जूनची तुलना एप्रिलशी होते आणि वाढीचा टक्का बिनदिक्कत छापला जातो. वेळेचा इंडेक्स असेल तर शिफ्टला फ्रीक्वेन्सी देता येते, मग लेबलं सरकतात आणि जूनसमोर मागच्या महिन्याची जागा रिकामी दिसते. अजून एक, रीसॅम्पल करून (वेळेनुसार गट पाडून) सम घेतला की मधल्या रिकाम्या महिन्याला शून्य मिळतं. त्या महिन्यात काही घडलंच नाही आणि त्या महिन्याची फाइलच आली नाही, ह्या दोन गोष्टी एकच शून्य होऊन बसतात. सम ला मिन_काउंट (किमान किती किंमती हव्यात) एक द्या, मग तिथे नॅन राहतो. एवढं एक आर्ग्युमेंट सगळीकडे घातलं तरी निम्मे वाद मिटतील असं मला वाटतं.

सपाटटेबल

मिन_काउंट बद्दल शंभर टक्के. शिफ्टबद्दल नाही, कारण सगळ्या महिन्यांचं एक टेबल आधी बनवून त्याला लेफ्ट मर्ज (डावीकडच्या सगळ्या ओळी ठेवून जोडणी) केलं की रिकामी जागा तशीच दिसते आणि ती का दिसते तेही कोडमध्ये लिहिलेलं असतं. इंडेक्सला फ्रीक्वेन्सी आहे की नाही, क्रमाने आहे की नाही, एकमेव आहे की नाही, ह्या तीन अदृश्य गोष्टींवर मला गणित उभं करायचं नाही.

आणि ती अक्षरं पण बघा. पांडाजच्या २.२ आवृत्तीत रीसॅम्पलला एम दिलं की वॉर्निंग येऊ लागली, एमई द्या म्हणे. पीरियडला मात्र एमच, तिथे एमई चालत नाही. नवीन माणसाला हे कसं समजवायचं?

महिनाअखेर

समजवायचं सोपं आहे. एमई म्हणजे महिन्याचा शेवट हा एक क्षण, एम म्हणजे महिना. दोघांना एकच अक्षर होतं तोच घोळ होता, आता वेगळं केलं ते उत्तम झालं.

बाकी एकमेव आहे की नाही ते अदृश्य राहू देऊ नका, सेट_इंडेक्स करताना व्हेरिफाय_इंटेग्रिटी ट्रू द्या, डुप्लिकेट असेल तर तिथेच थांबेल. विदागार यांची सीमेची अडचण मी मान्य करतो. बाहेर जाताना मी महिन्याची पहिली तारीख लिहितो, कॉलमच्या नावातच महिना_सुरुवात असं, आणि आत येताना पहिल्याच ओळीत टू_पीरियड. मधलं सगळं काम पीरियडवर.

विदागार

हे चालेल, पण मग रूपांतराची ती दोन फंक्शनं एकाच जागी असू द्या आणि बाकी कोडमध्ये टू_टाइमस्टॅम्प दिसला की रिव्ह्यूमध्ये परत पाठवा. मी मात्र पीरियड कॉलममध्येच ठेवणार, मर्ज त्यावरही नीट होतो.

सपाटटेबल

कॉलममध्ये असेल तर पीरियडला माझी हरकत नाही. इंडेक्सला आहे, आणि ती राहणार.